देवगडच्या बागेतून थेट घरी: सोशल मीडियावर हापूस विकण्याच्या प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२५

६ जानेवारी, सोमवार

आधी हद्द ठरवली. बाग देवगड तालुक्यातली, घरची, अडीचशेच्या आसपास कलमं. आजवर बहुतेक माल वाशीला दलालाकडे जायचा आणि थोडा ओळखीच्या घरांना, फोनवर. यंदा ४०० पेट्या, दोन डझनी, सोशल मीडियावरून थेट गिऱ्हाइकाला द्यायच्या. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत आठ आठवडे धरले तर आठवड्याला ५० पेट्या. पॅकिंग मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे खेपेला २५. हे आकडे खळ्यातल्या फळ्यावर लिहून ठेवले. पोस्ट किती टाकायच्या, जाहिरातीला पैसे किती, फोनवर कोण बसणार, हे सगळं त्यातूनच ठरणार आहे. कारखान्यात मागणी वाढली की पाळी वाढवता येते. कलमावर जेवढं धरलं तेवढंच.

माणसं तीन. बागायतदार दादांकडे तोड आणि प्रतवारी. वहिनींकडे फोन, हिशेब आणि गिऱ्हाइकाशी बोलणं. पुण्याहून एक जण पोस्ट आणि जाहिराती बघणार.

माध्यमं: व्हॉट्सॲप बिझनेस, इन्स्टाग्राम, फेसबुक पेज आणि गुगलवरची व्यवसायाची नोंद. यूट्यूब चॅनल यंदा नको. लांब व्हिडिओला माणूस नाही, आणि सुरू करून महिन्याभरात ओस पडलेलं चॅनल गिऱ्हाइकाच्या मनात शंका घालतं. व्हॉट्सॲप पहिलं लावायचं. बाकी तिन्हींचं काम गिऱ्हाइकाला तिथे आणून सोडण्याचं आहे.

९ जानेवारी, गुरुवार

नंबर कोणता वापरायचा यात अख्खी सकाळ गेली. नवं सिमकार्ड घेऊन 'धंद्याचा वेगळा नंबर' करायचा मोह होतो. पण घरातला जुना नंबर दीडेकशे गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये आधीच सेव्ह आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) फक्त त्यांनाच पोचते ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे. नव्या नंबरावरून पाठवलेलं कुणालाच पोचलं नसतं, आणि आपल्याला वाटलं असतं की लोकांना आंबा नको आहे. जुनाच नंबर ठेवला.

क्रम असा: साध्या व्हॉट्सॲपमध्ये चॅटचा बॅकअप घेतला, मग बिझनेस ॲप उतरवून त्याच नंबराने नोंदणी केली, ओटीपी टाकला, जुन्या चॅट आल्या. एक नंबर दोन्ही ॲपांत एकाच वेळी चालत नाही, त्यामुळे बॅकअप आधी. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लगेच लावला आणि वहीत लिहिला. मुख्य फोन वहिनींकडे. पॅकिंगच्या पडवीतला जुना फोन आणि पुण्याचा लॅपटॉप 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून जोडले. एका खात्याला अशी चार उपकरणं जोडता येतात.

१३ जानेवारी, सोमवार

कॅटलॉग भरला. वस्तू चारच: दोन डझनी पेटी तीन वजनांत (२००–२२५, २२५–२५०, २५०–२७५ ग्रॅमचं फळ) आणि पाच डझनी लाकडी पेटी. 'मोठा', 'मध्यम', 'स्पेशल' हे शब्द काढून टाकले. मोठा म्हणजे केवढा हे प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं आणि भांडण तिथेच सुरू होतं. ग्रॅम लिहिले की काटा साक्षीला असतो.

भाव उघड लिहायचा असं ठरलं. 'भावासाठी मेसेज करा' लिहिलं की चौकशा वाढलेल्या दिसतात, पण त्यातले बहुतेक भाव ऐकून गप्प होतात आणि वहिनींचा दिवस त्यांना उत्तरं देण्यात जातो. भाव आठवड्याला बदलणार, म्हणून कॅटलॉगमधला भाव दर सोमवारी सकाळी दुरुस्त करायचा आणि खाली तारीख टाकायची.

क्विक रिप्लाय, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, सहा तयार केले. तिरकी रेघ टाकून शॉर्टकट लिहिला की मजकूर आपोआप येतो. सगळ्यात जास्त लागणारा, चौकशीचा:

'नमस्कार. देवगड हापूस, आमच्याच बागेतला. दोन डझनी पेटीचे आजचे भाव कॅटलॉगमध्ये आहेत. कृपया चार गोष्टी कळवा: १) किती ग्रॅमचं फळ, किती पेट्या २) पूर्ण पत्ता, पिनकोडसह ३) आंबा कोणत्या तारखेच्या आसपास खायला हवा ४) आमच्याबद्दल कुठून कळलं.'

तिसऱ्या प्रश्नाने फळ किती तयार पाठवायचं ते ठरतं. चौथ्याने कुठल्या माध्यमाने पेटी विकली ते कळतं, आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

लेबलं पाच: नवी चौकशी, पैसे आले, पाठवली, पोचली, तक्रार. चॅट वाचली की लेबल बदलायचं. ही सवय आता, रिकाम्या दिवसांत लागली तरच एप्रिलमध्ये टिकेल.

२० जानेवारी, सोमवार

इन्स्टाग्राम खातं काढून बिझनेस प्रकारात बदललं आणि फेसबुक पेजला जोडलं. पेजवर दोन ॲडमिन, दादा आणि वहिनी, दोघांचीही खरी खाती आणि दोघांनाही टू-फॅक्टर. पुण्याच्या माणसाला मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) बिझनेस सूटमधून फक्त पोस्ट आणि जाहिरातीचा अधिकार. एजन्सीच्या किंवा भाच्याच्या खात्यावर पेज काढलं आणि नंतर संबंध तुटला की पेज गेलं, असं वारंवार होतं. मालकी घरातच राहायला हवी.

इन्स्टाग्रामवर 'नाव' आणि 'युजरनेम' या दोन वेगळ्या जागा आहेत. नावाची जागा शोधात धरली जाते, म्हणून तिथे बागेचं नाव आणि त्यापुढे 'देवगड हापूस', देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत. बायोला १५० अक्षरं मिळतात. त्यात गाव, काय विकतो, कुठे पाठवतो आणि हंगाम कधी, एवढं बसवलं. लिंक एकच, व्हॉट्सॲपची.

बिझनेस खात्याला गाणी मोजकीच मिळतात. लोकप्रिय चित्रपटगीतं त्यात नसतात. बाहेरून गाणं चिकटवलं तर रील मूक होते किंवा काढली जाते. आपला आवाज, बागेतला आवाज किंवा मेटाच्या मोफत संग्रहातलं संगीत, एवढंच वापरायचं.

याच महिन्यात इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोन उभे केले, ३:४ प्रमाणात. पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेल, रील १०८० बाय १९२०, आणि मुखपृष्ठावरचा मजकूर मधोमध.

२८ जानेवारी, मंगळवार

फोटोचं काम. मोहोर पूर्ण फुललेला, काही कलमांवर वाटाण्याएवढी कैरी धरली आहे. कॅमेरा फोनचाच.

लेन्स आधी पुसायची. वाचताना क्षुल्लक वाटेल, पण पडवीत हाताला चीक आणि तेल असतं आणि अर्धे धुरकट फोटो त्यामुळेच येतात. उजेड सकाळी साडेसात ते नऊ, किंवा नंतर मांडवाच्या सावलीत. दुपारच्या उन्हात पानं चमकतात आणि फळ काळं येतं. पिवळ्या बल्बखाली अजिबात नाही, कारण हिरवा आंबा पिवळा दिसतो, गिऱ्हाईक तो फोटो बघून पैसे भरतं आणि पेटी उघडल्यावर फसवल्यासारखं वाटतं. फ्रेमच्या कोपऱ्यात कोरा कागद ठेवायचा. कागद पांढरा दिसला तर आंब्याचा रंग खरा. रंग भडक करणारा फिल्टर या प्रकल्पात बंद.

वारा हा इथला मोठा शत्रू. समुद्रावरून सुटला की बोलणं ऐकूच येत नाही. दीडशे-दोनशे रुपयांचा कॉलर माइक, त्यावर स्पंजची टोपी, आणि बोलणारा माणूस कलमाच्या आडोशाला. तरीही नाही जमलं तर चित्र बागेत घ्यायचं आणि आवाज नंतर घरात खिडक्या लावून.

बागेत राखणीला आणि तोडीला नेपाळी गडी आहेत. कुणाचाही चेहरा दाखवण्याआधी विचारायचं. दोघांनी नको म्हटलं, त्यांचे फक्त हात घेतले.

५ फेब्रुवारी, बुधवार

देवनागरीची अडचण. फ्लेक्सवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होता. फोनवर चिकटवल्यावर नुसती चिन्हं उमटली. सगळं पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केलं. डिझाइनच्या ॲपमध्ये काही फॉन्ट जोडाक्षरं मोडतात, म्हणून एक चाचणी ओळ ठरवली: 'बागायतदाराच्या स्वच्छ पेट्या, दुसऱ्या दिवशी घरपोच'. 'ऱ्या' आणि 'च्छ' नीट आले तरच तो फॉन्ट घ्यायचा. 'हापूस'मधला पू दीर्घ. एवढ्याशा चुकीनेही मराठी गिऱ्हाइकाला वाटतं की माल भलत्याच कुणाचा आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

काय टाकायचं. आठवड्याला तीन रील आणि रोज एक-दोन स्टोरी. याहून जास्त तीन माणसांना झेपणार नाही.

पहिला प्रकार बागेतलं काम: रक्षक सापळे बांधणं, झेल्याने (लांब काठीला लावलेल्या जाळीने) तोड, देठ ठेवून फळ कापणं. दुसरा ओळख पटवणारा: देवगडचा हापूस कसा ओळखावा, साका (फळाच्या आतला दोष) म्हणजे काय, अढी (आंबे पिकवायचे गवतातले थर) कशी लावतात. तिसरा व्यवहाराचा: पेटी कशी भरतो, कधी निघते, पैसे कुठे भरायचे. मोर-सूर्यास्त-समुद्र असलेल्या रीलना लाईक भरपूर मिळतात, पण त्या बघणाऱ्याला गोव्याचं तिकीट काढावंसं वाटतं, आंबा मागवावासा वाटत नाही. महिन्याला एक पुरे.

रील २० ते ३० सेकंदांची. पहिल्या दोन सेकंदांत फळ किंवा हात दिसला पाहिजे, लोगो नको. मराठी उपशीर्षकं प्रत्येकीला, कारण बसमध्ये आणि ऑफिसात लोक आवाज बंद करून बघतात. उपशीर्षक फ्रेमच्या तळाशी टाकलं तर ते इन्स्टाग्रामच्या नावाखाली आणि बटणांखाली झाकलं जातं. खालचा पाचवा हिस्सा आणि उजवी कड मोकळी ठेवायची.

दाव्यांबद्दल पक्कं ठरवलं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे; रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात येतात. त्याचं चिन्ह छापायचं तर बागायतदार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला हवा. दादांची नोंद झाली आहे, कागद बघून खात्री केली. 'सेंद्रिय' हा शब्द कुठेही नाही, कारण प्रमाणपत्र नाही आणि मोहोरावर फवारणी होते. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा 'कार्बाइड नाही' हे सांगण्यात विशेष काही नाही. त्यापेक्षा अढी दाखवायची, गवतात थराने लावलेली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गुगलवर व्यवसायाची नोंद. बागेत येऊन खरेदी होत नाही, म्हणून पत्ता लपवून 'सेवा क्षेत्र' निवडलं: पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई. पडताळणी व्हिडिओने, एकसलग आणि न कापलेला: रस्त्यावरून बागेचं फाटक, नावाची पाटी, पॅकिंगची पडवी, पेट्या, आणि शेवटी वीजबिल. पहिला प्रयत्न नाकारला गेला, कारण पाटीवरचं नाव आणि नोंदीतलं नाव यात एका शब्दाचा फरक होता. पाटी रंगवून घेतली आणि पुन्हा पाठवला.

परीक्षणाच्या बदल्यात सूट द्यायची नाही. गुगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि नोंद गेली तर वर्षभराचं काम जातं.

३ मार्च, सोमवार

जुन्या गिऱ्हाइकांना पहिला मेसेज. वहीत १४० नावं. दोन ब्रॉडकास्ट लिस्ट केल्या, पुणे आणि मुंबई-ठाणे (एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात). मजकूर चार ओळींचा, एक फोटो, आणि शेवटी 'पुढे असे मेसेज नको असतील तर "नको" लिहा'. नको आलं की त्याच मिनिटाला नाव काढायचं. लोकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट करायला सुरुवात केली की नंबरच बंद पडण्याचा धोका असतो, आणि हंगामात नंबर बंद पडणं म्हणजे दुकानाला कुलूप.

संध्याकाळी बघितलं तर बऱ्याच नावांपुढे एकच खूण होती. त्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही किंवा फोन बदलला आहे. त्यांतल्या रोज दहा-पंधरा जणांशी वहिनी फोन करून बोलतील. एकच मजकूर शंभर जणांना एकामागोमाग चिकटवत सुटायचं नाही.

१० मार्च, सोमवार

पहिली तोड, आणि पाच पेट्यांची चाचणी पाहुण्यांकडे. मुंबईला रातराणी बसने, पुण्याला टेम्पोने. पाहुण्यांना सांगितलं होतं की पेटी उघडताना फोन चालू ठेवा.

ते पाच व्हिडिओ महिन्याभराच्या पोस्टपेक्षा जास्त शिकवून गेले. एका पेटीत वरच्या थरावर गवत कमी, दोन फळांवर चिकाचे काळे ओघळ. देठ अगदी तोंडाशी तुटला की चीक सालीवर उतरतो आणि पिकल्यावर तिथे डाग पडतो. देठ तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापायचा आणि फळ देठाकडून खाली धरून चीक गळू द्यायचा, मगच पेटीत. दुसऱ्या पेटीवरचा पत्ता दमटपणाने फुगला होता. आता मार्कर आणि वर रुंद चिकटपट्टी.

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने यंदा फळावर लावायचे यूआयडी (प्रत्येकाचा वेगळा ओळख क्रमांक असलेले) स्टिकर आणले आहेत. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून फळ कुणाच्या बागेतलं ते तपासायचं. ही तपासणी कशी करायची याची पंचवीस सेकंदांची रील केली आणि पिन केली. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, हा गिऱ्हाइकाच्या मनातला पहिला संशय. त्याला उत्तर देणारी रील सगळ्यात वर हवी.

१७ मार्च, सोमवार

आजपासून पैशांची जाहिरात. पोस्टखालचं 'बूस्ट' बटण न वापरता ॲड्स मॅनेजरमधून (मेटाच्या जाहिरातींच्या साधनातून) लावली, कारण तिथे 'व्हॉट्सॲपवर संभाषण सुरू होणं' हे उद्दिष्ट नेमकं निवडता येतं. बूस्ट करताना ध्येय नीट बघितलं नाही तर पैसे लाईक आणि प्रोफाइल बघणाऱ्यांवर जातात.

हिशेब: दिवसाला ३०० रुपये, सात दिवसांचे २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, मिळून २,४७८. एका चौकशीला २० रुपये पडले तर १०५ चौकशा. पाचांतल्या एकाने घेतलं तर २१ पेट्या, म्हणजे पेटीमागे ११८ रुपये. वाशीच्या भावापेक्षा थेट विक्रीत जे वर मिळतं त्यातून वाहतूक आणि खोका वजा करून हे परवडतं. पेटीमागे १५० च्या वर गेलं की थांबायचं, हे आजच ठरवून ठेवलं. पैसे यूपीआयने आगाऊ भरले. कार्डाला आपोआप वजावट लावली की बँक मध्येच अडवते आणि जाहिरात ऐन शनिवारी बंद पडते.

जाहिरात संच (एक बजेट आणि एकच प्रेक्षकवर्ग असलेला जाहिरातींचा गट) एकच. 'पुणे वेगळा, ठाणे वेगळा, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे' असे चार करावेसे वाटतात. मेटाच्या यंत्रणेला कुणाला दाखवायचं हे शिकायला एका संचात आठवड्याला सुमारे ५० परिणाम लागतात. ३०० चे चार भाग केले तर प्रत्येकाला ७५ रुपये, आठवड्याला २६ चौकशा, आणि चारपैकी एकही संच शिकत नाही. एका संचात तीन वेगळ्या रील टाकल्या. कुठली चालते ते यंत्रणाच ठरवेल. पहिले चार दिवस हात लावायचा नाही, कारण मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

ठिकाण: पुण्यात कोथरूड धरून २० किलोमीटर, आणि ठाणे-डोंबिवली. जिथे पेटी दुसऱ्या दिवशी पोचते तेवढंच. भाषा मराठी निवडली नाही. बरेच मराठी लोक फोन इंग्रजीत वापरतात आणि ते सगळे सुटले असते. मजकूरच मराठीत आहे, वाचणारा आपोआप निवडला जातो.

२१ मार्च, शुक्रवार

चौकशा येत आहेत, पण निम्म्या रात्री दहानंतर. वहिनी सकाळी सातला उत्तर देतात तोवर माणूस थंड झालेला असतो. अवे मेसेज (आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर) होता, 'लवकरच संपर्क करू' असा. त्यात काहीच नव्हतं. बदलला: भाव, कॅटलॉग, चार प्रश्न आणि 'सकाळी आठपर्यंत उत्तर देतो'. आता सकाळी उठल्यावर निम्म्यांची उत्तरं आलेली असतात.

पुढच्या आठवड्याची जाहिरात लाइफटाइम बजेटवर (रोजची नव्हे, पूर्ण मुदतीची एकत्र रक्कम), सकाळी आठ ते रात्री नऊ या वेळेत.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

पाडव्याच्या पेट्या बुधवारपर्यंतच घेतल्या, शुक्रवारी निघाल्या, शनिवारी पोचल्या. गुरुवारी आलेल्यांना स्पष्ट नाही सांगितलं आणि मंगळवारची खेप देऊ केली. बहुतेकांनी घेतली.

४ एप्रिल, शुक्रवार

पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट. रक्कम बरोबर, नाव बरोबर, वेळही बरोबर. बँकेत मात्र काही नाही. पॅकिंगला गेलेली पेटी परत काढली. नियम: स्क्रीनशॉट बघायचाच नाही. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली की वहिनी 'पैसे आले' लेबल लावतात, आणि पडवीतल्या फोनवर ते लेबल दिसल्याशिवाय खोक्यावर पत्ता चिकटवायचा नाही. 'चुकून जास्त पैसे आले, परत पाठवा' हा फोनही येतो. तिथेही तेच, आधी बँक.

८ एप्रिल, मंगळवार

तक्रारी तीन, तिन्ही एकाच कारणाच्या: 'आंबे हिरवे आले.' पिकलेलं फळ प्रवासात चेंबतं, म्हणून तयार पण कडक पाठवतो, हे आपल्याला माहीत आहे. गिऱ्हाइकाला कुणी सांगितलं? आज पेटीत घालायची चिठ्ठी छापली आणि तोच मजकूर पेटी निघताना व्हॉट्सॲपवर जातो: पोचल्यावर लगेच पेटी उघडा, फळं एका थरात गवतात किंवा वर्तमानपत्रावर पसरा, फ्रीजमध्ये ठेवू नका, रोज एकदा बघा. रंग पिवळा झाला म्हणजे झालं असं नाही. देठापाशी वास सुटला आणि बोटाला हलकं दबलं की खा.

शिवाय साक्याची एक वेगळी तक्रार, फोटोसह. बाहेरून फळ सुरेख, कापल्यावर कोयीजवळ पांढुरकं, स्पंजासारखं. बाहेरून तो ओळखता येत नाही, आणि फळ झाडावर फार पिकू दिलं की वाढतो, म्हणून तोड चौदा आणे तयारीवर (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार). आपला शब्द असा ठरला: कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त, किंवा तेवढे पैसे परत. हे कमेंटमध्ये उघड लिहिलं. तक्रारीची कमेंट पुसायची नाही. खाली उत्तर लिहिलेली तक्रार वाचून नवा माणूस निर्धास्त होतो.

१५ एप्रिल, मंगळवार

आपल्या फोटोंचं दुसरं खातं निघालं, नावात एक टिंब जास्त, आणि त्यावर 'निम्म्या भावात' बुकिंग. तोतयागिरीची तक्रार इन्स्टाग्रामवर केली, दहा-बारा गिऱ्हाइकांनाही करायला सांगितलं. तेवढ्यावर विसंबलो नाही. पिन केलेल्या पोस्टमध्ये, बायोमध्ये आणि क्विक रिप्लायमध्ये एक ओळ घातली: यूपीआय करताना पडद्यावर कुठलं नाव दिसायला हवं ती. माणूस पैसे टाकण्याआधी तेवढंच बघतो.

याच आठवड्यात पेजच्या इनबॉक्समध्ये 'कॉपीराइट भंग, २४ तासांत पेज बंद होईल, इथे लॉगिन करा' असा मेसेज, पाठवणाऱ्याच्या नावात 'सपोर्ट'. मेटा असं मेसेंजरवरून विचारत नाही. लिंक न उघडता काढून टाकला.

२२ एप्रिल, मंगळवार

पुण्यातल्या एका खाद्य-व्हिडिओ करणाऱ्यांची विचारणा: चार पेट्या द्या, रील करतो. दोन देण्याचं ठरलं, अटींसह. फुकट माल घेतला असेल तर ती जाहिरात आहे असं रीलवर दिसलं पाहिजे. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे. मजकूर आम्ही लिहून देणार नाही, पण 'सेंद्रिय' म्हणायचं नाही. ती रील आपल्या खात्यावरही दिसावी म्हणून सहयोगी पोस्ट.

त्याहून जास्त पेट्या सोसायट्यांमधून गेल्या. डोंबिवलीतल्या एका ताईंनी त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आपली कॅटलॉग-लिंक टाकली आणि १४ पेट्या एका पत्त्यावर मागवल्या. दारोदार वाहतूक वाचली, म्हणून पेटीमागे सूट दिली आणि ताईंना एक पेटी वेगळी. हे नियमाने करायचं: एका पत्त्यावर दहाच्या वर पेट्या असतील तर त्यांचा भाव वेगळा, कॅटलॉगमध्येच लिहिलेला.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

९ मेपर्यंतच्या सगळ्या खेपा भरल्या. जाहिरात दुपारी बंद केली. चालती जाहिरात बंद करायला जीवावर येतं, पण फळ नसताना आलेली चौकशी पैसे देऊन विकत घेतलेली नाराजी आहे. स्टोरीवर 'पुढची तारीख १३ मे'.

१२ मे, सोमवार

नवी रील नाही, फक्त स्टोरी. भाव उतरला, कॅटलॉग दुरुस्त. पाच डझनी पेट्यांना आता मागणी, आमरस आणि साठवणीसाठी.

२१ मे, बुधवार

कालपासून पाऊस, वळवाचा म्हणावा असा नाही, धो धो. भिजलेल्या फळावर करप्याचे डाग चढतात आणि फळमाशी वाढते; असं फळ पेटीत दोन दिवसांत बिघडतं. सकाळी सगळ्यांशी बोलून बुकिंग बंद. कॅटलॉगमधल्या चारही वस्तू लपवल्या, अवे मेसेज बदलला. पैसे भरून थांबलेल्या ११ जणांना वहिनी स्वतः फोन करत आहेत. मेसेजवर उरकायचं नाही. दोनच पर्याय: पूर्ण पैसे परत, किंवा पावसाआधी तोडून अढीत असलेल्या फळांतून पेटी, प्रत्येक फळ हाताने बघून.

२६ मे, सोमवार

काल मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. कलमांवर उरलेलं फळ कॅनिंगला.

बंद करायची कामं: जाहिरात खात्यात उरलेली रक्कम नोंदवली. पुण्याच्या माणसाचा जाहिरातीचा अधिकार काढला, पुढच्या जानेवारीत परत देऊ. व्हॉट्सॲपची लेबलं ॲपमध्येच राहतात, म्हणून वहिनींनी सगळी गिऱ्हाइकं तक्त्यात उतरवली: नाव, परिसर, किती ग्रॅमचं फळ घेतलं, कुठून कळलं, तक्रार काय होती. इन्स्टाग्रामच्या पिन पोस्टवर नवा मजकूर: '२०२५ चा हंगाम संपला. कुणी आमच्या नावाने आंबा देऊ केला तर तो आमचा नाही.' परत करायच्या ११ पैकी सात जणांनी पेट्या घेतल्या, चौघांचे पैसे परत केले, शेवटचे आज सकाळी ११:२० ला.